जर्मन फेराइनचा ऑनलाइन अर्ज: काय भरायचं आणि कुठली चौकट रिकामी सोडायची

फेराइनच्या, म्हणजे सभासदांनी चालवलेल्या संस्थेच्या (खेळाचा क्लब, मंडळ वगैरे), वेबसाइटवर बहुधा दोन बटणं दिसतात: 'रेगिस्ट्रीरेन' आणि 'मिटग्लीड वेर्डेन'. नवीन आलेल्यांची निम्मी गडबड इथेच होते. पहिल्या बटणाने वेबसाइटवर फक्त खातं उघडतं: सरावाच्या वेळा पाहायच्या, कार्यक्रमाला नाव द्यायचं, एवढ्यापुरतं. सभासदत्व मिळतं ते दुसऱ्या बटणाने, आणि तेही अर्ज पाठवल्याबरोबर मिळत नाही. बहुतेक संस्थांच्या झात्सुंगमध्ये, म्हणजे घटनेत, प्रवेशाचा निर्णय फोरश्टांडकडे, म्हणजे कार्यकारिणीकडे ठेवलेला असतो. त्यांची बैठक महिन्यातून एकदा असेल तर तेवढी वाट पाहावी लागते. उलट्या दिशेनेही लोक फसतात. शहर बदलताना वेबसाइटवरचं खातं पुसून टाकतात आणि आपण बाहेर पडलो असं धरून चालतात. वर्गणी मात्र पुढच्या जानेवारीत पुन्हा बँकेच्या खात्यातून जाते.

खातं उघडलं की ई-मेलवर एक दुवा येतो, 'बिटं बेश्टेटिगेन', म्हणजे 'कृपया पुष्टी करा', अशा विषयाचा. तो दाबेपर्यंत नोंदणी अर्धवटच राहते, आणि तो ठरावीक वेळेत बाद होतो. स्पॅम फोल्डर आधी पाहा. दुवा दाबूनही आत जाता येत नसेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी हाताने मंजुरी द्यायची बाकी असते. तो माणूस पगारी नसतो, नोकरी सांभाळून संध्याकाळी हे काम करतो. तीन-चार दिवस थांबा. वैतागून दुसऱ्या ई-मेलने दुसरं खातं काढलं, की एका माणसाच्या दोन नोंदी होतात आणि त्या एकत्र करण्यात आठवडा जातो.

आता नाव. मराठी माणसाचा अर्ज अडतो तो इथे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि पासपोर्टवर ते बहुधा स्वतःच्या नावाला जोडूनच छापलेलं असतं. जर्मन यंत्रणा ते सगळं 'फोरनामं' धरते. पासपोर्टवर 'स्नेहल विजय' आणि आडनाव 'पाटील' असेल, तर इथल्या पत्त्याच्या नोंदणीत आणि बँकेत तुमचं पहिलं नाव 'स्नेहल विजय' हेच असतं. फेराइनच्या अर्जातही तसंच भरा. खेळाडू म्हणून संघटनेकडे नोंद जाणार असेल, तर ओळखपत्र आणि अर्ज यांत एका शब्दाचा फरकही परत पाठवायला पुरतो. वेबसाइटवर 'आनत्साइगनामं', म्हणजे दाखवायचं नाव, वेगळं ठेवता येत असेल तर तिथे नुसतं 'स्नेहल' ठेवा. नाहीतर सरावाला सगळे तुम्हाला विजय म्हणतील. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर कुटुंब सभासदत्वाच्या अर्जात प्रत्येकाचं आडनाव वेगळं लिहा. 'सगळ्यांना वरचंच आडनाव' ही सोय असली तरी वापरू नका.

जन्मतारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने आणि मध्ये टिंब देऊन. पिनकोड 5 आकडी. इथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर पाहत नाही, पत्रपेटीवरचं नाव पाहतो. पोटभाडेकरू असाल आणि पेटीवर घरमालकाचं नाव असेल तर पत्त्यात 'बाय' लिहून ते नाव द्या, नाहीतर सभासदपत्र परत जाईल. मोबाइल नंबर +49 लावून, पुढचा शून्य काढून. एकदा इथला नंबर घेतला की जुना भारतीय नंबर देऊ नका.

वर्गणी जवळपास सगळीकडे 'लास्टश्रिफ्ट'ने जाते. म्हणजे तुम्ही पैसे पाठवत नाही, संस्था ते तुमच्या खात्यातून ओढून घेते. त्यासाठी अर्जातच 'सेपा मांडाट' नावाचं परवानगीपत्र असतं (सेपा म्हणजे युरोपातल्या बँकांची युरोतल्या व्यवहारांची सामाईक व्यवस्था). त्याला दोन क्रमांक असतात: संस्थेचा 'ग्लॉयबिगर आयडी', म्हणजे पैसे घेणाऱ्याचा ओळख क्रमांक, जो जर्मनीत डीई ने सुरू होतो आणि 18 अक्षरांचा असतो, आणि मांडाटचा संदर्भ क्रमांक, जो पुष्कळदा तुमचा सभासद क्रमांकच असतो. बँकेच्या नोंदीत हेच दोन क्रमांक दिसतात, म्हणून लिहून ठेवा. आयबान म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा बँक खाते क्रमांक. जर्मन आयबान 22 अक्षरांचा असतो: डीई, दोन तपासणी आकडे, 8 आकडी बँक कोड आणि 10 आकडी खाते क्रमांक. तपासणी आकड्यांमुळे एखादा आकडा चुकला तर अर्ज तिथेच लाल होतो.

पहिल्या महिन्यात अनेकांचं खातं एखाद्या मोबाइल बँकेत असतं आणि आयबान बेल्जियमचा किंवा लिथुआनियाचा, बीई किंवा एलटी ने सुरू होणारा. अर्जात डीई आधीच छापलेलं असेल तर तो तिथे बसत नाही. युरोपीय नियमाप्रमाणे सेपा क्षेत्रातला कुठलाही आयबान नाकारता येत नाही. खजिनदाराला तेवढं एका ओळीत लिहा, तो हाताने नोंद करून घेईल. एनआरई-एनआरओ खातं मात्र इथे उपयोगाचं नाही. खातं नवऱ्याचं आणि सभासद बायको असेल तर 'आपवायशेंडर कोंटोइनहाबर', म्हणजे वेगळा खातेदार, हा रकाना भरा आणि सही खातेदाराची घ्या.

चुकीची रक्कम गेली तर 8 आठवड्यांच्या आत बँकेत कारण न देता पैसे परत मागवता येतात; परवानगीपत्रच दिलेलं नसेल तर 13 महिन्यांपर्यंत. पण खरोखर देणं लागत असलेली वर्गणी अशी परत मागवू नका. ती माफ होत नाहीच, वर बँकेचा दंड तुमच्या नावावर चढतो.

अर्जाच्या शेवटी चौकटींची रांग येते, आणि इथे आपली सवय नडते: सगळ्या टिक करून पुढे जायचं. या चौकटी दोन जातींच्या असतात. 'झात्सुंग मान्य आहे', 'डाटेनशुट्झची, म्हणजे माहिती-संरक्षणाची, माहिती वाचली' या पहिल्या जातीच्या. त्यांच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि ते रास्तच आहे. वर्गणी घ्यायची तर नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आयबान संस्थेला लागणारच, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. दुसरी जात 'आइनविलिगुंग'ची, म्हणजे खुशीच्या संमतीची: फोटो वेबसाइटवर आणि इन्स्टाग्रामवर टाकणं, बातमीपत्र, वाढदिवसाची यादी, व्हॉट्सॲप ग्रुप. यातली एकही दिली नाही तरी सभासदत्व अडवता येत नाही. चौकट आधीच टिक केलेली असेल तर ती संमती धरली जात नाही. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, एका ई-मेलने. मात्र छापून वाटलेल्या स्मरणिकेतला फोटो त्यानंतर कुणी खरवडून काढणार नाही, म्हणून छपाईची आणि वेबसाइटची संमती वेगवेगळी मागितलेली असेल तर ती वेगवेगळीच द्या. दोन्ही एकाच चौकटीत कोंबलेली असतील तर रिकामी सोडा आणि वेगळी मागा.

मुलांच्या अर्जावर बहुधा दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. एक पालक अजून पुण्यात असेल तर सही करून स्कॅन केलेला कागद चालतो का, ते आधी विचारा. ऑनलाइन सेवांसाठी स्वतः संमती द्यायचं वय जर्मनीत 16 आहे. फोटोच्या बाबतीत साधारण 14 वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची हो-नाहीही विचारतात. पोहण्याच्या फोटोंना आमचं मत सरळ आहे: नाही म्हणा.

न विचारता काय पुढे जातं, तेही माहीत असू द्या. क्रीडा संस्था दरवर्षी 1 जानेवारीच्या स्थितीप्रमाणे राज्य क्रीडासंघाला सभासदांची संख्या कळवते, जन्मवर्ष आणि लिंगानुसार. खेळातला विमा त्याच नोंदीवर चालतो, त्यामुळे यात लपवाछपवी कामाची नाही. दुसरं म्हणजे, एखाद्या सभासदाला संस्थेच्या कारभारासाठी, समजा विशेष सभा बोलवायला पाठिंबा गोळा करण्यासाठी, बाकी सभासदांची नावं-पत्ते मागण्याचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे. यादी पूर्ण गुप्त राहील असं धरू नका.

आत गेल्यावर 'प्रोफील' उघडून जन्मतारीख, फोन आणि पत्ता कुणाला दिसतो ते पाहा. काही प्रणालींत मूळ निवड 'सगळे सभासद' अशी असते. ती 'फक्त कार्यकारिणी' करा. संस्थेकडे तुमची काय माहिती आहे हे जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याच्या, कलम 15 खाली फुकट विचारता येतं, आणि उत्तर एका महिन्यात यायला हवं. जर्मन कागदांवर हाच कायदा 'डे-एस-गे-फाऊ-ओ' असतो. उत्तर आलंच नाही तर तक्रार राज्याच्या डाटेनशुट्झ कार्यालयाकडे करायची. बव्हेरियात संस्था-कंपन्यांसाठीचं कार्यालय आन्सबाखला आहे.

बाहेर पडायचं तर 'क्युंडिगुंग', म्हणजे सभासदत्व सोडल्याचं पत्र, झात्सुंगप्रमाणे. पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीचीच सोय असते आणि पत्र सप्टेंबरअखेर पोचावं लागतं. कायद्याने ही मुदत 2 वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. जिमच्या करारासाठीचे सुटसुटीत नियम फेराइनला लागू होत नाहीत. पोचपावती मागा. बाहेर पडल्यावर माहिती पुसायला सांगा, पण हिशेबाच्या पावत्या 8 वर्षं आणि हिशेबवह्या 10 वर्षं ठेवणं त्यांना भाग असतं. तेवढ्यात तुमचं नाव राहील.

आणि एक दिवस मंडळात कुणीतरी म्हणेल, 'तू आयटीत आहेस ना, वेबसाइट तूच बघ.' तेव्हा सगळ्यात आधी गणपतीच्या जेवणाचा फॉर्म उघडा. तिथे 'जैन' असा पर्याय असेल तर काढून 'कांदा-लसूण नको' असा लिहा. पहिल्यातून धर्म कळतो, आणि धर्माची माहिती कायद्यात खास जपायच्या वर्गात येते. आचाऱ्याला दुसऱ्यानेच काम भागतं. गूगल फॉर्ममध्ये 'उत्तरांचा सारांश दाखवा' बंद करा, नाहीतर प्रत्येक भरणाऱ्याला आधीच्यांची उत्तरं दिसतात. मागची शीट 'दुवा असलेला कुणीही' अशी उघडी ठेवू नका. कार्यक्रम आटोपला आणि हिशेब मिटला की ती पुसा. तीन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीला कोण आलं होतं, हे कुणालाही लागत नाही. सगळ्यांना ई-मेल करताना पत्ते बीसीसीत. सूचना द्यायला ग्रुपऐवजी व्हॉट्सॲप चॅनल घ्या, त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

वेबसाइटवर 'इम्प्रेसुम', म्हणजे वेबसाइट कुणाची ते सांगणारं पान, आणि डाटेनशुट्झचं पान कुठूनही एका टिचकीवर सापडलं पाहिजे. इम्प्रेसुममध्ये अजून 'टेलेमेडिएनगेझेत्स' या कायद्याचं नाव लिहिलेलं असेल तर ते जुनं. मे 2024 पासून तो नियम 'डिजिटालं-डीन्स्टं-गेझेत्स' या कायद्यात आहे. अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून येत असतील तर फाँट उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवा. म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये याच कारणासाठी एका वेबसाइटला 100 युरो भरपाई द्यायला लावली, आणि त्यानंतर नोटिशींचा पाऊस पडला. होस्टिंग कंपनीशी माहिती-प्रक्रियेचा करार करायचा राहून जातो. बहुतेक कंपन्यांत तो ग्राहकाच्या पानावरूनच होतो. माहिती हाताळणारी 20 माणसं नसतील तर स्वतंत्र डाटेनशुट्झ अधिकारी नेमावा लागत नाही, पण बाकी सगळे नियम सात जणांच्या मंडळालाही लागतात.

यादी चुकून भलत्याकडे गेली, लॅपटॉप चोरीला गेला, तर ते कळल्याक्षणी घड्याळ सुरू होतं. सभासदांना धोका संभवत असेल तर 72 तासांत डाटेनशुट्झ कार्यालयाला कळवायचं, आणि त्यात शनिवार-रविवारही मोजतात.