ठाण्याहून लंडन: तिकिटावरच्या वेळेवरून खरे तास कसे काढायचे

मुंबई-लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किमी. ताशी ८५० किमीने भागा, विमानाचं जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, चढ-उतार यांसाठी अर्धा तास मिळवा: नऊ तास. मात्र जाताना पश्चिमेकडून येणारा जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान, वारा समोरून लागतो, वळसाही पडतो, म्हणून जायला येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि घोटाळा इथेच होतो. हिवाळ्यात दुपारी १ ला निघून संध्याकाळी ५:३० ला पोहोचणं म्हणजे साडेचार तास नव्हे. भारत आणि लंडनच्या घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक मिळवला की दहा. परतीला तोच फरक वजा करायचा. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तो साडेचारच असतो.

१५ तारखेचं ००:५० चं विमान? घरातून १४ च्या रात्रीच निघायचं. १५ च्या रात्री निघण्याची चूक भलेभले करतात.

विमानतळाचा कोडही बघा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचा. चेक-इन बहुधा तासभर आधीच बंद होतं. ठाण्याहून संध्याकाळी द्रुतगती मार्गाने जाणार असाल तर आणखी दीड तास हाताशी ठेवा.