आउटपुट फाइलमध्ये वळवताना चिन्हांचा क्रम सांभाळा

शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) याच्यासाठी लिहिलेली स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या प्रोग्राममधून, चालवायची असेल, तर तिचे नेहमीचे आउटपुट आणि त्रुटीसंदेश दोन्ही एकाच फाइलमध्ये जमा होणे सोयीचे असते, आणि त्यासाठी पुढीलप्रमाणे लिहावे:

./बॅकअप >> नोंद 2>&1

यात 1 म्हणजे नेहमीचे आउटपुट, 2 म्हणजे त्रुटीसंदेश आणि >> म्हणजे आउटपुट फाइलच्या शेवटी जोडणे. हाच क्रम उलटा करून 2>&1 आधी लिहिले, तर शेल कोणतीही तक्रार न करता ते स्वीकारतो, परंतु त्रुटीसंदेश फाइलपर्यंत पोहोचतच नाहीत. याचे कारण असे की, शेल ही चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचतो आणि 2>&1 याचा अर्थ ‘1 या क्षणी जिथे जात आहे, तिथेच 2 लाही पाठव’ एवढाच असतो; त्यामुळे 1 नंतर फाइलकडे वळला, तरी 2 आपल्या जुन्याच ठिकाणी राहतो.

बॅश या शेलमधील &> हे 1 आणि 2 दोन्ही एकदम फाइलकडे वळवणारे आटोपशीर रूप स्क्रिप्टमध्ये टाळलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ‘एसएच’ या नावाने चालणारा शेल म्हणजे प्रत्यक्षात डॅश हा वेगळा शेल असतो, आणि तो & दिसताच प्रोग्राम पार्श्वभूमीत सुरू करून फाइल मात्र नुसती रिकामी करतो.

वरच्या आज्ञेत >> मुद्दाम वापरले आहे, कारण एकेरी > चिन्ह प्रोग्राम सुरू होण्याआधीच फाइलमधला जुना मजकूर पुसून टाकते. म्हणूनच ‘सॉर्ट यादी > यादी’ अशा आज्ञेने यादी क्रमवार लागण्याऐवजी कायमची नाहीशी होते; अशा वेळी आउटपुट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये घ्यावे आणि आज्ञा यशस्वी झाल्यावरच तिला मूळ फाइलचे नाव द्यावे.