शिंदीचे पारंपरिक औषधी उपयोग: काय घ्यावे, कसे घ्यावे

ओढ्याकाठी आणि पडीक रानात आपोआप उगवणारी शिंदी बहुतेकांना फड्यांपुरती आणि चटयांपुरतीच ठाऊक असते. गावाकडे मात्र तिची मुळी, फळ आणि रस औषध म्हणूनही वापरले जातात. झाड ओळखताना ताडाशी गल्लत करू नये. ताडाचे पान पंख्यासारखे पसरते, तर शिंदीच्या लांब झावळीला दोन्ही बाजूंनी अरुंद पाती असतात आणि देठाजवळच्या पात्यांचे कडक काटे झालेले असतात. हे काटे खोल रुततात, म्हणून झावळी हाताळण्यापूर्वी ते कोयत्याने छाटून घ्यावेत.

दातदुखीवर मुळी चघळण्याची रीत जुनी आहे. बुंध्याच्या एका बाजूची माती हलकेच उकरून कोवळी, बारीक मुळी तोडावी, स्वच्छ धुवावी, दुखऱ्या दाताखाली थोडा वेळ चावून धरावी आणि चोथा थुंकून टाकावा. याने ठणका कमी झाला तरी कीड तशीच राहते. हिरडी किंवा गाल सुजला असेल, तर मुळीवर वेळ न दवडता दंतवैद्याकडे जावे.

फळे पिकून नारिंगी-पिवळी झाल्यावरच खावीत, कारण कच्ची फळे तुरट लागतात. गर पातळ आणि बी मोठी असल्याने पोट भरत नाही, पण अशक्तपणात शक्ती देणारे व थंड म्हणून ते खाल्ले जाते. बीचा मगज आणि आघाड्याची मुळी एकत्र वाटून विड्याच्या पानातून हिवतापावर देण्याचाही प्रघात होता. तो आज मुळीच पाळू नये. थंडी वाजून ताप आल्यास आधी रक्त तपासून घ्यावे.

सर्वांत जपून वापरायची गोष्ट म्हणजे नीरा, म्हणजे झाडाला दिलेल्या चिरेतून पाझरणारा ताजा, न आंबलेला रस, आणि माझ्या मते या झाडाचा खरा गुणही तिच्यातच आहे. उष्णता, लघवीची जळजळ आणि मलावरोध यांवर ती पहाटे उपाशीपोटी पेलाभर पितात. झाडाला रात्री बांधलेले मडके धुऊन, वाळवून आतून चुना लावलेले असावे, कारण चुन्यामुळे रस आंबण्याची क्रिया मंदावते. मडके उतरवताच रस गाळून घ्यावा. फेस धरला असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर ती नीरा राहिलेली नसून तिचे शिंदी याच नावाचे मादक पेय होऊ लागले आहे, असे समजावे.

रात्री वटवाघळेही हा रस चाटायला येतात. बांगलादेशात वटवाघळांकडून पसरणाऱ्या निपाह विषाणूची लागण याच झाडाच्या कच्च्या रसातून झाल्याचे आढळले आहे, त्यामुळे मडक्याचे तोंड आणि रस पाझरणारी चीर बांबूच्या पडद्याने झाकणे आवश्यक ठरते. झाकल्याची खात्री नसेल, तर रस चांगला उकळल्याशिवाय पिऊ नये. नीरेत साखर भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी 'नैसर्गिक आहे' या भरवशावर ती घेऊ नये. महाराष्ट्रात नीरा काढण्यास परवाना लागतो, तेव्हा स्वतः चीर देण्याऐवजी परवानाधारकाकडूनच ती घ्यावी.

शेंड्याचा कोवळा गाभाही काही ठिकाणी औषधासाठी काढतात. शिंदीला वाढीचा कोंब एकच असतो आणि तो कापला की झाड मरते, म्हणून गाभा फक्त वाऱ्याने उन्मळून पडलेल्या झाडाचाच घ्यावा.