केबल लावूनही स्पीड ९५ च्या पुढे जात नाही?
प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि लॅन केबल लावून पण स्पीड टेस्ट ९०-९५ वरच अडकते, तर राउटरला शिव्या घालायच्या आधी कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, तिथे १०० दिसलं की चोर बहुतेक केबलच. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलच्या आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून बाकीच्या चारांपैकी एखादी तुटली तरी नेट चालू राहतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. माझी केबल तर खुर्चीच्या चाकाखाली येऊन येऊन पार चपटी झालेली! दुसरी लावून बघा, कॅट ५ई प्रकारची केबल पुरे, उगाच महागडी नको. तरी १००च? मग राउटरचे पोर्ट तपासा, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरना गिगाबिट पोर्टच नसतात.