‘युलिसिस’ गटाने वाचताय? या चुका टाळा

आमचा वाचनकट्टा ‘युलिसिस’वर दोनदा बुडाला. पहिल्यांदा तिसऱ्या प्रकरणात, दुसऱ्यांदा नवव्यात. तिसऱ्या खेपेला सात जण ‘येस’पर्यंत, म्हणजे कादंबरीच्या शेवटच्या शब्दापर्यंत, पोचलो. मधल्या काळात आम्ही काही हुशार झालो नव्हतो. पुस्तक तेच, माणसंही बरीचशी तीच. बसायची पद्धत तेवढी बदलली होती.

जेम्स जॉइसच्या या कादंबरीत घडतं ते चार ओळींत सांगता येतं. १६ जून १९०४. डब्लिनमध्ये वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा लिओपोल्ड ब्लूम दिवसभर गावात हिंडतो. स्टीफन डेडलस नावाचा तरुण मास्तरही हिंडतो. रात्री दोघं भेटतात. ब्लूमची बायको मॉली पलंगावर पडल्या पडल्या विचार करते. यासाठी १८ प्रकरणं, आणि जवळजवळ प्रत्येक प्रकरणाची लिहिण्याची तऱ्हा वेगळी.

अवघड आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे नुसत्या अवघडपणाने गट फुटत नाही. ‘मला कळलं नाही’ हे चारचौघांत म्हणायची लाज वाटते. मग माणूस एका रविवारी पाहुणे आल्याचं कळवतो आणि पुढच्या रविवारी काही कळवतच नाही. खालच्या बहुतेक चुका या लाजेला खतपाणी घालणाऱ्या आहेत.

पहिल्या पानापासून सुरुवात करणं

हे वाचून काही जण चिडतील, तरी सांगतो. पहिली तीन प्रकरणं स्टीफनची आहेत, आणि तिसऱ्यात तो सँडीमाउंटच्या किनाऱ्यावर एकटा चालत ॲरिस्टॉटलपासून स्वतःच्या मेलेल्या आईपर्यंत काय काय डोक्यात घोळवतो. अर्धे गट इथेच वाळूत रुततात. पण चौथ्या प्रकरणात घड्याळ पुन्हा सकाळी आठवर येतं आणि ब्लूम स्वयंपाकघरात बायकोच्या न्याहारीचा ट्रे लावत असतो. मांजर पायात घोटाळतं. ते ‘म्याव’ म्हणत नाही. आधी ‘म्क्ग्नाओ’, मग ‘म्र्क्ग्नाओ’, मग आणखी एक ‘र’ घालून. दूध मिळेपर्यंत त्याची चिडचिड अक्षरागणिक वाढते. हे मोठ्याने वाचलं की पुस्तकाची भीती निम्मी उतरते.

चौथं, पाचवं, सहावं ही प्रकरणं पहिल्या तिन्हींच्या साधारण त्याच वेळांत चालतात : आठ, दहा, अकरा. म्हणून आधी ४ ते ६ वाचून मग १ ते ३ घेतली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. आम्ही तसंच केलं.

प्रत्येकाच्या हातात वेगळी आवृत्ती

‘पान ४२ काढा’ म्हटलं की सात जण सात ठिकाणी. शिवाय या कादंबरीचा साचा होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यावर बेतलेला, म्हणून टीकाकार प्रकरणांना त्यातल्या ‘कॅलिप्सो’, ‘हेडीज’ अशा नावांनी ओळखतात, आणि ती नावं कादंबरीत छापलेलीच नसतात. आमचे एक काका पहिला अर्धा तास ‘कॅलिप्सो’ शोधत होते. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर अठराही नावं क्रमाने लिहून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

शक्य तर सगळ्यांनी हान्स वाल्टर गाब्लर यांची आवृत्ती घ्या. १९८४ साली आलेल्या या संपादित पाठात ओळींना आकडे आहेत, त्यामुळे ‘प्रकरण ४, ओळ अमुक’ एवढं सांगितलं की काम होतं. पण पाठ वेगळा असणं हा नुसता त्रास नाही, त्यातून हाती काही लागतंही. तिसऱ्या प्रकरणात स्टीफनला पॅरिसमध्ये आलेली तार आठवते : आई मरणपंथाला लागली आहे, घरी ये. एक ताई वाचत होत्या, ‘नदर डायिंग...’ लगेच दोघांनी टोकलं, ‘मदर, मदर!’ ताई म्हणाल्या, ‘अहो, माझ्यात एनच आहे.’ जुन्या आवृत्त्यांत ‘मदर’ आहे, गाब्लरने ‘नदर’ केलं. स्टीफन त्या तारेला लोकांना दाखवण्याजोगी गंमत म्हणतो. तारेत चूक असेल तरच त्या शब्दाला अर्थ येतो. एका अक्षरावर आमची पाऊण तास खडाजंगी झाली. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे बोलले.

टिपांच्या पुस्तकाची आधी पूजा

डॉन गिफर्ड यांचं टिपांचं पुस्तक कादंबरीच्या तोडीस तोड जाड आहे. ते शेजारी उघडून बसलात तर दर तिसऱ्या शब्दाला मान वळते आणि वाक्याची लय मरते. होमरचं ‘ओडिसी’ आधी संपूर्ण वाचायचं, असा नियम आम्ही पहिल्या खेपेला केला होता. त्यातच दोन महिने गेले आणि ‘युलिसिस’ची पहिली बैठक होण्याआधीच तिघं गळाले. समुद्रात भरकटलेला बाप, त्याला शोधणारा मुलगा, घरी वाट पाहणारी बायको : एवढं ठाऊक असलं की पुरे. टिपा बैठकीनंतर उघडा, त्याही ज्या दोन-तीन जागी सगळेच अडले तेवढ्यापुरत्या.

एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या

दुसऱ्या खेपेला आमचा गट नेमका असा बुडाला. एक सभासद प्राध्यापक होते, तयारी करून यायचे, बोलायचेही छान. तीन-चार रविवारांत बाकीच्यांनी घरी वाचणंच सोडलं, कारण सर सांगतीलच. नवव्या प्रकरणात, राष्ट्रीय ग्रंथालयात स्टीफन शेक्सपिअरवर लांबलचक सिद्धान्त मांडतो तिथे, सरांना एका रविवारी येणं जमलं नाही. झालं, सभा बरखास्त.

आता आमचा नियम असा : पहिला पाऊण तास फक्त मोठ्याने वाचन, आळीपाळीने, प्रत्येकी दीड-दोन पानं. त्यात कोणी अर्थ सांगायचा नाही. मग अर्धा तास फक्त प्रश्न. उत्तर माहीत असणाऱ्याने प्रश्नोत्तरांच्या या अर्ध्या तासात शेवटी बोलायचं. आपल्याकडे पोथी लावतात तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असले तरी आवाज सगळ्यांच्या कानावर एकदम पडतो. या कादंबरीला तीच बैठक मानवते. उच्चार चुकले तर चुकू द्या. डब्लिनच्या गल्ल्यांची नावं आपल्यापैकी कोणालाच येत नाहीत.

वाचताना गोंधळ होतो तो बहुधा ‘हे कोण बोलतंय’ याचा. जॉइस अवतरणचिन्हं वापरत नाही. बोलणं नुसत्या आडव्या रेघेने सुरू होतं आणि मनातलं बोलणं तर कसल्याच खुणेविना. यावर आमचा उपाय तीन रंगांच्या पेन्सिलींचा : निवेदकाला एक रंग, मनातल्याला दुसरा, तोंडून निघालेल्याला तिसरा. ब्लूम घराबाहेर पडतो त्या ओळींचा मी केलेला मराठी तर्जुमा पाहा : ‘पायरीवर त्याने मागच्या खिशात किल्ली चाचपली. नाहीये. काढून ठेवलेल्या पँटमध्ये राहिली. घ्यायला हवी.’ पहिलं वाक्य निवेदकाचं, पुढची तिन्ही ब्लूमच्या डोक्यातली. मराठीत हे किती सहज बसतं बघा. कर्ता गाळून मनाशी पुटपुटायची आपल्याला सवयच आहे. अडलेला उतारा असा घरच्या बोलीत करून पाहिला की कोण बोलतंय ते बहुतेक वेळा आपोआप सुटतं.

आठवड्याला ठरावीक पानं

प्रकरणांची लांबी भलतीच विषम आहे. पंधरावं प्रकरण, वेश्यावस्तीतलं आणि नाटकाच्या रूपातलं, एकट्याने पुस्तकाचा पाचवा हिस्सा खातं. गाब्लरच्या ओळी मोजल्या तर ते दुसऱ्या प्रकरणाच्या दहापटीहून मोठं भरतं. पंधराव्याला चार बैठका द्या आणि पात्रं वाटून नाटकासारखं वाचा.

चौदाव्यावर मात्र अडून बसू नका. प्रसूतिगृहात घडणारं हे प्रकरण इंग्रजी गद्याच्या जुन्यात जुन्या वळणापासून रस्त्यावरच्या बोलीपर्यंत एकेक शैलीची नक्कल करत जातं. समजा, मराठीत कोणी महानुभावांचं गद्य, मग बखर, मग शास्त्रीबुवांचा निबंध आणि शेवटी कॉलेजकट्ट्यावरची भाषा एकाच प्रकरणात गुंफली, तर आपण खो खो हसू. इंग्रजीत तो कान आपल्याला नसतो, हे मान्य करून पुढे सरकावं. आयरिश रेडिओने १९८२ मध्ये संपूर्ण कादंबरी सलग सादर केली, जवळजवळ ३० तास. ते ध्वनिमुद्रण लावून हे प्रकरण नुसतं ऐकलं तरी चालतं.

मध्येच गळालेल्यांना परत आणायचं असेल तर दहाव्या प्रकरणाला बोलवा. दुपारी तीनच्या सुमाराचं डब्लिन, १९ सुटे तुकडे, सुटी माणसं. मागचं फारसं न वाचताही रमता येतं.

गंभीर चेहरे

बाराव्या प्रकरणात दारूच्या गुत्त्यात मंडळी बसली असताना मध्येच मृतात्म्याला बोलावण्याच्या बैठकीचं विडंबन येतं. त्या सकाळीच पुरलेला पॅडी डिग्नम परलोकातून बोलतो. प्रलय आणि मायेच्या गोष्टी करतो आणि सांगतो की वरच्या घरांत सगळ्या सुखसोयी आहेत : तालाफाना, आलावातार, हाताकाल्दा, वाताक्लासात. आमच्यातल्या एका काकूंनी हे संस्कृत स्तोत्रासारखं घोळून म्हटलं आणि मग अचानक थांबून ओरडल्या, ‘अरे, टेलिफोन! एलिव्हेटर!’ हाताकाल्दा म्हणजे गरम-गार पाणी, आणि वाताक्लासात म्हणजे संडास. थिऑसॉफीवाल्यांच्या, म्हणजे भारतीय अध्यात्माने भारावलेल्या त्या काळच्या गूढवादी पंथाच्या, संस्कृतप्रेमाची ही टवाळी डब्लिनकरापेक्षा आपल्याला जास्त लागते. पुढे हाच आत्मा कळवतो की हरवलेला दुसरा बूट कमोडखाली आहे.

नको ते प्रसंग गुपचूप वगळणं

तेराव्या प्रकरणात समुद्रकिनाऱ्यावर ब्लूम जे करतो त्यावरून १९२१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ही कादंबरी क्रमशः छापणाऱ्या ‘द लिटल रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या दोन्ही संपादिकांना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला होता. अमेरिकेत पुस्तकावरची बंदी उठवणारा निकाल यायला १९३३ उजाडलं. तुमच्या गटात सासू-सूनही असतील, सेवानिवृत्त काकाही. आदल्या बैठकीत स्पष्ट सांगा की पुढच्या वेळी असं असं आहे, ज्यांना मोठ्याने वाचायचं नसेल त्यांनी वाचू नये. तेवढं पुरतं. मॉलीचं शेवटचं प्रकरण आठ प्रचंड वाक्यांचं, जवळजवळ विरामचिन्हांशिवाय. ते आमच्यात बायकांनीच वाचलं, आणि काका लोक कुठे पाहावं ते न कळून आपापल्या पुस्तकात डोकं खुपसून बसले.

समारोप १६ जूनला ठेवणं

जगभर या दिवशी ब्लूम्सडे साजरा होतो म्हणून मोह होतो. पण आपल्याकडे त्याच सुमारास शाळा उघडतात आणि पाऊसही धरतो. आम्ही हौसेने तो दिवस धरला. दोघींना मुलांच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायची होती, एक जण अडकलेल्या लोकलमधून मेसेज करत होता, आणि उरलेले चौघं ओल्या छत्र्या दाराशी ठेवून शेवटची पानं वाचायला बसले तर वीज गेली. मोबाइलच्या उजेडात वाचलं. पुढचा गट जानेवारीत सुरू करून मार्गशीर्षात संपवायचं ठरलंय.