व्हिज्युअल की कोड? वर्डप्रेसमध्ये कधी कुठं हात घालायचा

तासगावातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याची साईट मी वर्डप्रेसमध्ये (साईट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) करून दिलेली, परवा त्याचा फोन, "आवो, दराचं टेबल मोबाईलवर निम्मं बाहेर जातंय, बघा की जरा." सांगलीत बसून उघडलं तर त्याच्या भाच्यानं एक्सेलची फाईल वेबपेज म्हणून सेव्ह केलेली आणि त्यातला कोड कस्टम एचटीएमएल ब्लॉकात (वर्डप्रेसचं पान ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून बनतं, त्यातला हा थेट कोड टाकायचा) जसाच्या तसा ओतलेला. प्रत्येक कॉलमला विड्थ (रुंदी) ६४ आणि परत स्टाईलमध्ये ४८ पॉइंट, असे दहा-बारा कॉलम, मग मोबाईलच्या स्क्रीनवर मावणार कसं?

यात कोड दुरुस्त करत बसायची गरजच नव्हती. तो ब्लॉक उडवला, एक्सेलमधल्या ओळी सिलेक्ट करून कॉपी केल्या आणि व्हिज्युअलमध्येच, म्हणजे पान दिसतं तसंच लिहायच्या नेहमीच्या एडिटरमध्ये, पेस्ट केल्या, वर्डप्रेस आपोआप त्याचा टेबल ब्लॉक करतं. नको ते कॉलम आधीच काढले, मोबाईलवर दर आणि प्रत एवढंच लोक बघतात. लिहिणं, फोटो, टेबल, बटणं हे सगळं व्हिज्युअलमध्येच करा, कोडमध्ये जायचं ते फक्त व्हिज्युअलला जमत नाही अशा कामाला, आणि जाताना नेमकं काय बदलायचंय ते ठरवून.

जायचं कसं? वर उजवीकडे तीन उभे ठिपके, त्यात कोड एडिटर. कीबोर्डवरनं कंट्रोल, शिफ्ट, आल्ट आणि एम एकदम दाबलं तरी चालतं. पण हे अख्खं पान उघडतं, एवढं कशाला? एकाच परिच्छेदाचं काम असेल तर त्या ब्लॉकच्या स्वतःच्या तीन ठिपक्यांत 'एडिट ॲज एचटीएमएल' असतं, तेच वापरा, चूक झाली तर तेवढाच ब्लॉक बिघडतो.

अख्ख्या कोडमध्ये गेलात की दर ब्लॉकच्या वर-खाली डब्ल्यूपीने सुरू होणाऱ्या कमेंटच्या ओळी दिसतील. त्यांना हात लावू नका. २०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेस ५.० आलं आणि ब्लॉक एडिटर सुरू झाला, तेव्हा मला वाटलं हा कचरा आहे आणि मी एका पानावरच्या सगळ्या पुसून टाकल्या. बाहेरनं पान ठीक दिसत होतं हो, पण एडिटरमध्ये परत आलो तर सगळं मिळून एकच क्लासिक ब्लॉक, गोळाच! कुठला ब्लॉक कुठं सुरू होतो हे एडिटरला त्याच ओळींवरनं कळतं. शेवटी रिव्हिजनमधनं जुनी प्रत परत आणली. म्हणून कोडला हात लावायच्या आधी पान सेव्ह करा आणि सगळा कोड नोटपॅडात चिकटवून ठेवा.

ब्लॉकच्या कोडमध्ये त्याला न पटणारं काही घातलं तर तो चुकीचा मजकूर आहे म्हणून तक्रार करतो आणि 'अटेम्प्ट रिकव्हरी' दाखवतो. घाईत ते दाबलं की कधीकधी आपण घातलेलंच गायब होतं. मुद्दाम लिहिलेला कोड ठेवायचा असेल तर त्याऐवजी 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल' घ्या.

आता कोडमधलं एक खरंच उपयोगाचं काम. साईट इंग्रजीत आणि मध्येच मराठी परिच्छेद असेल तर 'सांगली'तला ल आणि 'शेतकरी'तला श हिंदी वळणाचा दिसतो, आपल्या डोळ्याला लगेच खुपतं. त्या ब्लॉकच्या एचटीएमएलमध्ये मराठी मजकुराभोवती स्पॅन टॅग लावा, त्यात लँग (भाषा) म्हणून एमआर द्या, असं: <span lang="mr">मजकूर</span> (टॅग आणि कोड अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत). फाँटमध्ये मराठी अक्षरांची सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणावर येतात. लँग थेट परिच्छेदाच्या पी टॅगला लावू नका, ब्लॉक वर सांगितलं तसा रुसतो. पूर्ण साईटच मराठी असेल तर कोडची भानगडच नको, सेटिंग्जमध्ये जनरलला साईटची भाषा मराठी करा, आणि ॲडमिन इंग्रजीत हवं असेल तर स्वतःच्या प्रोफाईलमध्ये इंग्रजी ठेवा.

आणि डीटीपीवाल्याकडून जुन्या नॉन-युनिकोड फाँटातला (इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार बसवलेला) मजकूर आणला असेल, तर कुठल्याही मोडात इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसणार. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पेस्ट करा.