भट्टीतून कोरी निघालेली टाईल

माझी मातीवरची पहिली छपाई भट्टीतून कोरी बाहेर आली. लिनो, म्हणजे छपाईसाठी कोरायची लिनोलियमची मऊ लादी, मन लावून कोरला होता. कागदावर रोज वापरायचे तीच काळी शाई रोलरने लावली होती आणि बिस्किट झालेल्या, म्हणजे एकदा भाजलेल्या, टाईलवर ठसा अगदी ठसठशीत उठला होता. १००० अंशांना पुन्हा भाजल्यावर हातात आली ती पांढरीफटक टाईल. बोटाने चाचपून पाहिली, तर नावालाही खूण नाही. छपाईची काळी शाई म्हणजे तेलात घोटलेली काजळी. काजळी म्हणजे कार्बन, आणि भट्टीत पुरेशी हवा असली की तो जळून जातो. कुठल्याही कुंभाराने मला हे एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी विचारलंच नाही. मी मुद्राचित्रण शिकून आले होते आणि माती म्हणजे जरा जाड कागद, अशी माझी समजूत होती.

पुढे कुंभाराच्या चाकावरून छपाईकडे वळलेली मंडळी पाहिली, तेव्हा कळलं की उलट बाजूनेही हेच होतं. त्यांना प्रेसचा दाब, प्लेट पुसणं, रजिस्ट्रेशन (ठसा नेमक्या जागी जुळवणं) ही उगाचची किरकिर वाटते. प्रत्येक जण आपल्या मूळच्या माध्यमाचा थोडा माज घेऊनच येतो. तो उतरायला मला दोनेक वर्षं लागली.

भट्टीत टिकतात ती धातूंची ऑक्साईडं आणि त्यांच्यापासून बनवलेले सिरॅमिक स्टेन, म्हणजे तयार रंगपूड. कोबाल्टचा निळा, लोहाचा तांबूस-तपकिरी, तांब्याचा हिरवा. कोबाल्ट इतका जोरकस असतो की चिमूटभर जास्त पडला तरी सगळं काम निळंजांभळं होऊन बसतं. नवख्यांनी सुरुवात तयार अंडरग्लेझने, म्हणजे ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाच्या) खाली लावायच्या रंगाने, करावी असं माझं स्पष्ट मत आहे. शाई स्वतः बनवायचा मोह होतो, मलाही झाला, पण एकाच वेळी माती, शाई आणि भट्टी अशा तिन्ही गोष्टी अनोळखी असल्या की चूक कुठे झाली ते शोधताच येत नाही.

मातीवर छापणं हे काही आजचं खूळ नाही, कागदाच्या कितीतरी आधीचं आहे. मेसोपोटेमियात पाच हजार वर्षांपूर्वी कोरलेले दगडी दंडगोल ओल्या मातीवर फिरवून चित्रांची पट्टी उठवत. जपानमधल्या जोमोन काळातल्या भांड्यांवर दोरीचे ठसे आहेत. आणि १७५६ मध्ये लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक टाईल्स छापल्याचं शपथेवर लिहून दिलं होतं. एवढा वेग मला आजही झेपत नाही.

आता मुख्य गोष्ट. कागदावर छापताना वेळ आपल्या हातात असते. कागद भिजवून ठेवला, शाई लावली, प्रेसचं चाक फिरवलं, झालं. मातीवर छापायची वेळ माती ठरवते. स्टुडिओत आम्ही ‘लेदर हार्ड’ म्हणतो, म्हणजे चामड्यासारखी घट्ट झालेली, पण आत ओल असलेली माती. अंगठ्याने हलकं दाबलं तर खळगा पडत नाही, नखाने मात्र रेघ उमटते, आणि गालाला लावली तर गार लागते. त्याआधी छापलं तर रंग फिसकटतो, नंतर छापलं तर माती तो धरत नाही. ही मधली वेळ दमट दिवशी अर्धा दिवस टिकते आणि कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी चहा होईपर्यंत निघून जाते. म्हणून मातीची लाटलेली लादी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवायची आणि छपाईची सगळी तयारी आधी करायची. माझं पहिलं वर्ष स्क्रीन (छपाईची जाळीची चौकट) धुवून येईपर्यंत माती वाळली, या एकाच रडगाण्यात गेलं.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं, तर मी न्यूजप्रिंटवरची मोनोप्रिंट, म्हणजे एकच प्रत निघणारी छाप, सांगते. प्रेस लागत नाही, कोरायची हत्यारं लागत नाहीत, आणि ओल ओळखायची सवय होते. छपाई न केलेला न्यूजप्रिंटचा कोरा कागद घ्यायचा आणि त्यावर अंडरग्लेझने चित्र काढायचं. क्रम मात्र उलटा. जे सगळ्यात पुढे दिसायला हवं, ती बारीक रेघ, तो डोळा, ते आधी रंगवायचं. पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. रंग सुकत आला की त्यावर पातळ स्लिपचा, म्हणजे मातीच्या घोळाचा, एक हात फिरवायचा. आणि मग थांबायचं. ओला घोळ चकाकत असतो. ती चकाकी कडेपासून मावळू लागते आणि मिनिटाभरात सगळा कागद मंद दिसायला लागतो, तीच वेळ. कागद उचलून लादीवर पालथा घालायचा, आधी तळहाताने हवा काढायची, मग चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखं घासायचं. एक कोपरा उचलून पाहायचा. रंग अजून कागदालाच चिकटला असेल तर कोपरा परत खाली टेकवायचा, ओलसर स्पंज फिरवायचा, पुन्हा घासायचं. कागद सोलताना लादीशी जवळजवळ समांतर ओढायचा, सरळ वर उचलायचा नाही.

या लादीचा पेला करायचा असेल तर वाकवेपर्यंत कागद काढूच नका. तो पृष्ठभागाला आधार देतो आणि बाहेरून ताणल्या जाणाऱ्या चित्राला चिरा कमी जातात. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

अक्षरं छापणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. सरळ छापलं की चित्र उलटतं, हे मुद्राचित्रकाराला हाडीमाशी मुरलेलं असतं. पण एका कागदावरून दुसऱ्या पृष्ठभागावर आणि तिथून मातीवर, अशी दोनदा बदली झाली की ते पुन्हा सुलटं होतं. मी एका भांड्यावर ‘माती’ हा शब्द लिनोत सवयीने उलटा कोरला, त्याची छाप पातळ टिश्यू कागदावर घेतली आणि तो कागद मातीवर दाबला. शिरोरेखा जागच्या जागी, पण काना ‘म’च्या डावीकडे आणि वेलांटी भलत्या बाजूला वळलेली. पाहणाऱ्यांना वाटलं, हेतुपुरस्सर केलंय. मी ते नाकारलं नाही.

हाच लिनो शाईशिवाय थेट मातीत दाबला तर निराळीच गंमत होते. कोरून काढलेला भाग मातीवर उंच उठतो. कोरताना कडा आतल्या बाजूला कापली गेली असेल तर माती तिथे अडकून फाटते, म्हणून उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा. दाबण्यापूर्वी तेलाचा अगदी हलका हात. लाटणं एकाच दिशेने फिरवायचं, मागेपुढे केलं की ठसा दुहेरी उठतो.

तेलाच्या शाईने मात्र मी सपाटून मार खाल्ला. कोरलेल्या तांब्याच्या प्लेटची छाप टिश्यू कागदावर घ्यायची आणि बिस्किट भांड्यावर चिकटवायची, ही जुन्या कारखान्यांची रीत. त्यासाठी ऑक्साईड तेलात घोटावं लागतं. मी तशी छापली, वाळू दिली आणि वरून पारदर्शक ग्लेझ ओतलं. भाजून निघालं तेव्हा प्रत्येक रेघेवरून ग्लेझ मागे सरकलेलं, रेघा उघड्या, खरखरीत, आणि बाजूला ग्लेझच्या गाठी. तेलावर पाण्यातलं ग्लेझ बसत नाही, इतकं साधं कारण. छापल्यावर आधी सुमारे ७०० अंशांची एक भट्टी लावून तेल जाळावं लागतं, मग ग्लेझ. या वेळी भट्टीतून धूर येतो, खोलीत खेळती हवा हवी.

लेझर प्रिंटरचा टोनर हाही एक मार्ग आहे. काही टोनरमध्ये लोहाचं ऑक्साईड असतं, त्याची डेकल, म्हणजे कागदावरून भांड्यावर उतरवायचं चित्र, भाजली की तपकिरी फोटो उरतो. पण सगळ्या टोनरमध्ये ते नसतं, तेव्हा आधी तुकड्यावर करून पाहा. हे प्रकरण लवकर सुंदर दिसतं आणि लवकर कंटाळवाणंही होतं, असा माझा अनुभव.

आकसण्याचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा. मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढायची आणि शेवटच्या भट्टीनंतर ती मोजायची. माझी माती १२ टक्के आकसते, म्हणजे २० सेंटिमीटरची प्लेट १७.६ वर येते आणि तिच्यावरच्या जाळीदार रेघाही तितक्याच दाटतात. कागदावर मोकळी वाटणारी रेखाटनं मातीवर गिचमीड दिसतात ती यामुळे.

स्टुडिओ एकच असला तरी दोन्ही कामं एका टेबलावर करू नका. मातीतल्या ग्रॉगचा, म्हणजे भाजून दळलेल्या मातीचा, एक वाळका कण प्रेसवर राहिला, तर तांब्याच्या प्लेटवर कायमचा ओरखडा पडतो आणि प्रेसवरच्या लोकरी फेल्टचीही वाट लागते. माझे कागदाचे दिवस वेगळे, मातीचे वेगळे, ॲप्रनही वेगळे. मातीची धूळ झाडू मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. त्यातली सिलिका फुप्फुसात साठते. कोरडं ऑक्साईड मोजताना मास्क हवाच, मँगनीजच्या बाबतीत तर जास्तच.

कामाच्या ओळखीबद्दल थोडं. सुरुवातीला मुद्राचित्रवाले ‘ही कुंभारकाम करते’ म्हणतात आणि सिरॅमिकवाले ‘ही छपाई करते’. प्रदर्शनाच्या अर्जात कुठला रकाना भरायचा, हा प्रश्न दर वेळी येतो. मी जिथे परीक्षकांना तांत्रिक बाजू कळेल तो रकाना भरते. पिकासोने १९४७ पासून फ्रान्समधल्या व्हालोरिसच्या मादुरा पॉटरीत केलेल्या एडिशनांमध्ये, म्हणजे ठरावीक संख्येच्या प्रतींमध्ये, कोरलेल्या प्लास्टरवर माती दाबून घेतलेले ठसेही आहेत. रकान्यावरून वाद निघाला की मी त्यांचा दाखला देते.

एडिशनचा आकडा मात्र खरोखर अवघड प्रकरण आहे. कागदावर वीस प्रती छापल्या की १/२० पासून २०/२० लिहून मोकळं होता येतं. मातीत दहा छापल्या तर एक वाळताना तडकते, एकीच्या तळाला ग्लेझ शेल्फला चिकटतं, एकीचा निळा उडतो. आणि तळावरचा आकडा तर भाजण्यापूर्वीच कोरावा लागतो. मी आता फक्त क्रमांक कोरते, ३ किंवा ७, भागिले काही नाही. शेवटची भट्टी उघडली की वाचलेले नग मोजते आणि एकूण संख्या सोबतच्या कागदी प्रमाणपत्रावर लिहिते. मधले क्रमांक गायब असतात. घेणारा विचारतो, ४ कुठे गेला? तर त्यालाही तेच सांगते, तो भट्टीत गेला.